सत्तर पानांचा पुडा

हजेरीला माझ्याकडे नावं नव्हती, फोन होते:
रेडमी फाइव्ह ए.
काकाचा मोबाईल.
जय सेवा झेरॉक्स, कुरखेडा.
आणि एक नुसतं टिंब,
पडद्याच्या कोपऱ्यात, करड्या गोलात बसलेलं.
बी.ए. प्रथम वर्ष, अर्थशास्त्र, सकाळी साडेआठ.

मी तासिका तत्त्वावर.
तास झाला तर पैसे, आणि तास व्हायला मुलं लागतात.
एवढं अर्थशास्त्र मला आधीपासून येत होतं.
म्हणून टिंबाला रोज विचारायचे,
ऐकू येतंय का?
बऱ्याच वेळानं खाली अक्षरं उमटायची:
आयकू येते जी म्याडम. बोलता नाही येत.
मी वहीत लिहिलं, माईक खराब.

मे महिना. मागणी-पुरवठ्याची आकृती काढत होते,
एक रेघ चढती, एक उतरती,
छेदतात तिथे किंमत
(त्या जागी मी स्वतः कधी गेलेली नाही)
आणि टिंबाभोवती हिरवी कड लागली.
माईक चुकून उघडा राहिला होता.

आधी कोंबडा.
मग सळसळ. कागदाची वाटली,
पण कागद इतका ओला वाजत नाही.
मग पोरीचा आवाज, झोपेतून थेट कामावर आलेला:
उंदी, रंड, मूंद, नालूंग,
सयूंग, सारूंग, येडूंग,
आठ, नऊ, दहा…

सातापर्यंत घर.
आठपासून शाळा.

म्यूट करायला माझं बोट बटणावर गेलं होतं.
तिथेच राहिलं.
एकोणसत्तर, सत्तर, वाकाची गाठ करकचली,
पुन्हा उंदी.

रेडमीनं लिहिलं, म्याडम, तेंदू आहे.
काकाच्या मोबाईलनं लिहिलं, आमच्या इथंबी तेच सुरू आहे.
झेरॉक्सनं विचारलं,
तुमच्या फळीवर शंभर पुड्याले का भाव देते वो?
आणि जी मुलं चार महिने
फक्त "हजर" लिहीत होती
ती भावावरून भांडायला लागली.
माझी आकृती तशीच उघडी, दोन रेघा,
कोणी बघत नव्हतं.

मी म्हटलं, टिंब, तुमचं नाव काय?
सळसळ थांबली.
सुनैना हिचामी.
मग स्वतःहून:
एक पान कमी निंगला त मुन्शी अख्खा पुडा फेकते जी.
जास्त निंगला त चूप राह्यते.
जास्तीचा कोन मोजते?

पुस्तकात याला नाव असेल.
मी शोधलं नाही त्या दिवशी.

आता तास रात्री साडेआठला असतो,
पुडे फळीवर पोचल्यावर, भाकरी झाल्यावर.
वेळापत्रकात नाही, म्हणून त्याचं बिल
प्राचार्यांच्या टेबलावर पडून आहे.
हजेरी मी उंदीपासून घेते.
माझे उच्चार ऐकून काकाचा मोबाईल हसतो, हसू दे.
काल येडूंगवर अडले. विचारलं,
सुनैना, आठाला तुमच्यात काय म्हणतात?
बराच वेळ फक्त रातकिडे.
थे जुन्या मानसायले येते जी.
इचारून सांगतो.

आणि नेटवर्क गेलं.

वहीत सात नावांपुढे खूण आहे.
आठवी ओळ मी तशीच ठेवली आहे.