सव्वा किलो

सोमवारी गिऱ्हाईक नसतं. रवळू म्हणाला,
"मामी, आज तू उतर गो. पैशे घेवचंय नाय."

एकोणतीस वर्षं मी ह्या चिवल्याच्या वेळेवर
पहाटे होडीची वाट पाहिली,
पण पाणी गुडघ्याच्या वर येऊ दिलं नाही.
लाट आली की पाटी उचलून दोन पावलं मागे.
एवढंच आमचं बोलणं.
तोंडात नळी धरून तासभर पालथी पडलेली पोरं बघायची,
वाटायचं, ह्यांचं काय हरवलंय तिथे?

सुकती लागलेली. लेकीचा पंजाबी ड्रेस घालून उतरले.
रवळूने काचेत थुंकून बोट फिरवलं, रबर आवळला.
नाक गेलं.
ताजं-शिळं मी नाकानेच सांगते.
"तोंडान श्वास घे, घाई नको."
पहिल्याला खारट ठसका. दुसऱ्याला देव आठवले.
तिसऱ्याला माझाच श्वास कानात आला,
पलीकडच्या खोलीत कुणी झोपलेलं असावं तसा.

मान खाली घातली.

वर काळं, पाय कापणारं, कालवं फोडायचं खडप,
खाली त्याला बोटं होती, जांभळी,
पाणी हलेल तशी हलणारी.
आणि मासे. मला सगळे माहीत,
नावाने, भावाने, पित्त कुठे लपतं तेही.
पण मी पाहिले ते पाटीत आडवे,
एक डोळा वर, तोही पांढरा पडलेला.
मासा समोरून येतो हे ठाऊक नव्हतं.

कपारीतून गोबरा आला, जाड ओठांचा,
माझ्या चुलत सासऱ्यासारखा गंभीर.
मी म्हटलं, सव्वा किलो. सातशे. डोकं वेगळं.
सवयीनेच.
त्याने ऐकून घेतलं आणि पाठ न दाखवता मागे सरकला.

त्याच कपारीपुढे जाळं. निळं, दगडाला गुंडाळलेलं.
आमचं. पाचेक वर्षांपूर्वी तुटून गेलेलं.
माझी गाठ डावीकडे पडते, लांबूनही कळते.
आत खेकड्याच्या नुसत्या नांग्या,
आणि एक पालू, अजून शेपूट मारणारा.

उथळच होतं. हात पोचला.
नखांनी सोडवायला गेले.
मी मारलेली गाठ सुटत नाही
असं मी अख्ख्या दांडीला सांगत आले होते.
सुटली नाही.
मासा हातात आणि कोयती नाही,
असं कधी झालं नव्हतं.
शेवटी रवळूने सुरी काढली.
पालू निघाला तो वळलासुद्धा नाही.
बरं केलं.

संध्याकाळी बाजारात बसले.
कपाळापासून ओठापर्यंत रबराचा लाल गोल.
"काय गो, तोंडाक काय झाला?"
"पाण्यात पडलंय."
गिऱ्हाइकाने पालूकडे बोट दाखवलं, तीनशेला मागितला.
मी चारशे म्हटलं. साडेतीनशेवर तुटलं.
उचलला. तोंड माझ्याकडे वळवून
एकदा समोरून पाहिला.

मग कापला.