डाग

रॉदरममध्ये, डॉन नदीकाठी, टायरच्या दुकानामागे
ओल्डरॉइड अँड डॉटर.
पाटीवरची डॉटर आता बासष्ट वर्षांची आहे.
मी अ‍ॅबिंग्डनहून पहाटे निघून तिच्यासमोर बसले,
हातात दोनशे चौदा पानं.
"हे वाचायचं कोणी?" लॉर्ना म्हणाली.
मी. माझं कामच ते.

माझं काम काय, हे आईला फोनवर
कितीदा सांगून झालं.
समुद्रापलीकडे काही देश मिळून एक भट्टी बांधतायत,
ताऱ्याच्या पोटात जळतं ते जमिनीवर जळावं म्हणून.
तिचे भाग कोणी घडवायचे, याच्या निविदा निघतात.
मी इथल्या लहान कारखान्यांची दारं ठोठावते,
म्हणते, भरा.
"म्हणजे वधूवर सूचक मंडळ," आई म्हणाली.
मी हो म्हटलं.

अणुक्षेत्रातला अनुभव :
लॉर्नाने खरं तेच लिहिलं, शून्य.
मी खाली लिहायला लावलं,
बिअरच्या टाक्या, इस्पितळाचं निर्जंतुकीकरण यंत्र,
सव्वीस वर्षांत परत आलेला माल, एक नग.
"तो एक कशाला?"
तो आहे म्हणून बाकीचं खरं वाटतं.

कासिम मुफ्लाही काच कपाळावर सरकवून ऐकत होता.
उठला, आणि तांबं पोलादाला जोडून दाखवलं.
तांबं उष्णता घेऊन पळतं, पोलाद धरून बसतं,
म्हणून आर्क तांब्याकडे झुकवायचा.
"पळणाऱ्याला जास्त द्यावं लागतं," तो म्हणाला,
आणि पुन्हा काच खाली.

मला त्याला सांगायचं होतं,
आमच्यात घागर गळली की तिला डाग देऊन आणतात,
आणि सदऱ्यावर पडतो तोही डागच.
आणि निविदा नि नैवेद्य एकाच धातूचे,
आणि धातू म्हणजे
तुझ्या हातात आहे तोही, शब्दाच्या मुळाशी असतो तोही.
इंग्रजीत यातलं काही सांधेना.
मी म्हटलं, "गुड वेल्ड."

शेवटची वेळ दुपारी बारा. तिथले बारा.
लॉर्ना इथले धरून निवांत
दंतवैद्याच्या खुर्चीत.
मी फोन केला तेव्हा दहा चाळीस.
तोंडात कापूस घेऊन तिने पासवर्ड सांगितला,
कासिमने एका बोटाने टाइप केला,
दोनदा चुकला.
दहा सत्तावन्न. घोडं गंगेत न्हालं,
डॉनमध्ये म्हणा हवं तर.

काम मिळालं नाही.
गेलं दुसऱ्या देशात, आठशे माणसांच्या कंपनीकडे.
चार महिन्यांनी त्याच कंपनीचा मेल :
चोवीस सांधे आमच्याकडे गळतायत, तुम्ही कराल का?
माझ्या अहवालात याला रकाना नाही.
जिंकलेली कंत्राटं, शून्य.

आज पहिल्या नगाची चाचणी.
आतली सगळी हवा ओढून घेतलेली,
बाहेरून सांध्यावर हेलियमची पिचकारी.
कुठे फट असेल तर तो आत शिरेल, आकडा हलेल.
त्या भट्टीत जळून उरणार तोही हेलियमच.
म्हणजे न पेटलेल्या चुलीची राख घेऊन
आपण तिची भोकं शोधतोय, मी म्हटलं.
"गप्प बस," लॉर्ना म्हणाली, "आकडा बघ."

"पेटणार कधी?" कासिम.
पंधरा वर्षं. वीस.
त्याने मनात बेरीज केली असावी.
छताच्या पत्र्यावर कबुतरं चालत होती.

आकडा हलला नाही.
कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, किटली लावली.
कासिम मात्र पुढे झाला,
अंगठा सांध्यावरून फिरवायला,
आयुष्यभर फिरवत आला तसा.
लॉर्ना ओरडली, "हातमोजे!
बोटाचा डाग राहील!"

त्याने अंगठ्याकडे पाहिलं
आणि हात खिशात घातला.