रॅम्प

बांबोळीला, तळमजल्यावर, माझ्या खोलीला खिडकी नाही.
पुरसो चोडणकर आधी खुर्ची चाचपतात,
मग एकदम पडतात तिच्यात.
मांड्यांनी साथ सोडलेला माणूस असाच बसतो.

फायलीत: स्नायूंचा दाह. वय त्रेसष्ट.
बत्तीस वर्षं रायबंदर-चोडण फेरीवर.
आता मुठीत दोर राहत नाही.
'गिळणं तपासावं' हे सगळ्यात खाली,
संपत आलेल्या शाईनं.

घास अडकतो?
"ना गे बाय."
जेवताना ठसका?
"कोणाला लागत नाही?"
शालनबाई भिंतीशी उभ्या, पिशवी पोटाशी धरून.
बोलत नाहीत. नुसत्या त्यांच्या पट्ट्याकडे बघतात.
पट्ट्याला खिळ्यानं पाडलेली दोन नवी भोकं.

मग हळूहळू निघतं.
भाकरी शिगम्याआधीच सुटली.
पाव चहात बुडवून काही दिवस, मग तोही नको.
बांगड्याचं नुसतं हुमण, बांगडा मांजराला.
आणि जेवायला दीड तास,
दार लोटून.

"आ म्हणा."
म्हणतात. धक्क्यावरून हाक मारावी तसा, कोरडा, खणखणीत.
चमचाभर पाणी.
माझी चार बोटं त्यांच्या गळ्यावर,
तर्जनी हनुवटीखाली, करंगळी कंठमण्याच्या तळाशी.
कंठमणी वर निघतो
आणि अर्ध्यावर विचार बदलतो.
पुन्हा निघतो. पुन्हा.
एका चमच्याला तीन खेपा.
"आता आ म्हणा."
आवाज ओला,
तळाशी पाणी शिरलेल्या होडीचा.

क्ष-किरणांच्या खोलीत अंधार.
बेरियमचा घोट घेऊन तोंड वाकडं करतात,
"मीठ घालायला विसरलीस."
पडद्यावर पांढरं उतरतं,
जिभेच्या मुळाशी खळग्यांत तुंबतं,
आणि अन्ननलिकेच्या तोंडाशी जो स्नायू
क्षणभर सैल पडायला हवा,
तो पडत नाही.
एक बारीक धागा श्वासाच्या वाटेनं जातो.
खोकला येत नाही.
मला भीती वाटते ती ह्या न येणाऱ्या खोकल्याची.

त्यांना दाखवते. कसं सांगावं ते जुळवत असते,
तेवढ्यात तेच म्हणतात,
"रॅम्प पडना."
फेरी धक्क्याला लागली, गाड्या आत, माणसं उभी,
पण रॅम्प पडना.
बत्तीस वर्षांत दोनदा झालं होतं असं.
एकदा आत नवरी होती. चौघांनी उचलून उतरवली,
शालू भिजला तो भिजलाच.
"इथं कोण उचलणार?"
शालनबाईंचं हे पहिलं वाक्य.

मी लिहिते: पाणी दाट करून. हनुवटी छातीकडे.
एका घासाला दोनदा गिळणं. घाई नको.
तो स्नायू सैल करण्याचे उपाय असतात,
डॉक्टर बोलतील. मी वचन देत नाही.

"चवथीला पातोळ्या?"
नाही.
"एक?"
त्यांच्याकडे न बघता मी तारीख घालते.
"पेज?"
वाटून, गाळून.
"म्हणजे पेजेचीसुद्धा पेज," म्हणतात,
आणि हसताना ठसका लागतो. ऐकून बरं वाटतं.

दुपारी कँटीनमध्ये पाव मोडून तोंडात टाकला.
ठरवलं होतं, आज लक्ष ठेवायचं,
कधी जातो, कसा जातो.
कुणीतरी हाक मारली.
वळून बघितलं तर
तोंड रिकामं होतं.