नाळ कुठल्या बाजूला

टेट्स्केबाईंकडे मी पोचलो तेव्हा बांधापलीकडचा समुद्र
ओहोटीने पार मागे गेला होता,
नुसता चिखल, आणि त्यात चोची खुपसणारे पक्षी.
मार्च. हात गारठलेले. अशात सिमेंट लवकर सुकत नाही.

फायरप्लेसच्या दोन्ही अंगांचा गिलावा
त्यांनी आधीच खरवडून ठेवला होता,
सूप प्यायच्या चमच्याने, म्हणाल्या.
मी हसलो नाही. वाकडा झालेला चमचा खिडकीतच होता.

चिमणी वरून विटांनी बुजवलेली.
बाई, इथे आता आग पेटायची नाही, मी म्हटलं.
"म्हणून काय तिच्याकडे पाठ करून बसू?"

खोक्यात एक्केचाळीस टाइल्स,
पांढऱ्यावर निळी गलबतं, तळहाताएवढी,
प्रत्येकाची शिडं फुगलेली, वारा एकाच दिशेचा.
शिवाय चौदा कोऱ्या.
उजवीकडे जागा चाळिसांची, थेट खिडकीपर्यंत,
डावीकडे दाराच्या चौकटीमुळे पंधरांचीच.
मी हिशोब केला: दोन गलबतं, मधे एक कोरी, दिसायला बरं.
जमिनीवर मांडून दाखवलं.

त्या बराच वेळ गुडघ्यांवर हात टेकून बघत राहिल्या.
"डुर्क, ही इकडची बाहेर चाललीत."

खरंच की.
रंगवणारा कोण होता कोण जाणे, दोनशे वर्षांपूर्वीचा,
त्याला नाळ डावीकडेच काढायची सवय.
त्यामुळे उजव्या भिंतीवरची गलबतं आगटीकडे येत होती
आणि डावीवरची पाठ फिरवून दाराकडे.
तीस वर्षं टाइल्स बसवतोय मी.
रेषा बघितल्या, कोपरे बघितले,
कोण कुठे चाललंय ते कधी बघितलं नाही.

फिरवता येत नाही ना?
फिरवली तर बुडते, मी म्हणालो, डोलकाठी खाली जाते.

मग त्यांनी बसून, एकेक उचलून,
सगळी गलबतं उजवीकडे नेली.
डावीकडे कोऱ्या.
"धुकं," त्या म्हणाल्या, "आमच्याकडे असतंच."

दिवसभर मी घरी येणारी जहाजं बसवत होतो,
पाच ओळी, आठ रांगा,
मधे कॉफी, मधे त्यांच्या बहिणीचा फोन,
एका गलबताचं सुकाणू उडालेलं,
तेही आत घेतलं. "येईल वाहत वाहत."

संध्याकाळी डावीकडे, अगदी तळाला,
राखेचं फावडं टेकवतात तिथे,
एक चौकोन रिकामा.
खोक्यात एकच टाइल, निळी.
माझ्या गाडीत कोऱ्या पडल्यात, मी म्हटलं, आणतो एक,
पैसे नकोत.

"राहू दे. तीच लाव."
बाई, ही तर बाहेर...
"दिसतंय मला."

लावली. कडेचं सिमेंट बोटाने पुसलं.
रात्रीपर्यंत ओलं राहील,
मन बदललं तर सुरीने अलगद निघेल,
एवढं सांगून निघालो
आणि लेव्हल तिथेच विसरलो,
वडिलांची, पितळी कडांची.

ती आणायला ऑक्टोबर उजाडला.
खिडकीत एजंटची पाटी, घर विकणे आहे.
पडदे काढलेले, म्हणून काचेला नाक लावून बघता आलं:
खुर्ची नाही, घड्याळ नाही,
चाळीस गलबतं एका मोकळ्या खोलीत शिरताहेत
पूर्ण शिडांनिशी,
आणि डावीकडच्या धुक्यात, तळाशी,
ते एक, जागच्या जागी.
सुरी लागलेली नव्हती.

माझी लेव्हल आगटीच्या वर आडवी ठेवलेली,
बुडबुडा बरोबर मधोमध.
मी दार वाजवलं नाही.
एजंटचा नंबर लिहून घेतला आहे,
अजून फोन केलेला नाही.