तीन गाठी

तलातू एक दाणा दाढेखाली धरते.
कट्.
वाळली चवळी. ओली असती
तर नुसती दबली असती, आवाज न करता.

मग गोणीत गोणी, तिच्यात अजून एक:
आतल्या दोन पातळ, आरपार दिसणाऱ्या,
बाहेरची पांढरी, विणीची.
झिंदरच्या बाजारात दोन कोंबड्या विकून आणलेली.
भरता भरता ती कोपरानं दाबत जाते,
हवा फुस्स करून बाहेर येते
आणि तिच्या तोंडावर चवळीची धूळ.

भुंगे आत आहेतच. तिला ठाऊक आहे.
शेतापासून दाण्याच्या पोटात बसून आलेत,
आवतण नसलेले पाहुणे.

पहिली गाठ. पिळून, दुमडून.
दुसरी.
तिसरीला दात लावते.

गेल्या साली मामान, धाकटा दीर,
कागदात राखाडी गोळ्या घेऊन आला होता.
एका पोत्याला एक, म्हणाला.
पोती त्याच खोलीत, जिथं पोरं निजायची.
बाहेर हरमटान सुटला होता, वाळू घरात येत होती,
म्हणून तिनंच दार लावलं.
मध्यरात्री लसणाचा वास आला.
तिला वाटलं, शेजारी काही शिजतंय.

भुंगे मेले, सगळे.
दान्लादीला नुकतं कुठं चालता येऊ लागलं होतं.

आता रात्री ती गोणीला कान लावते.
आत खरखर, प्लास्टिकवर बारीक पाय.
आत जेवढी हवा राहिली, तेवढीच.
तीच त्यांनी ओढायची आणि संपवायची.
पाचव्या रात्री खरखर विरळ.
नवव्या रात्री ती बराच वेळ ऐकत बसते,
आपलाच श्वास येतोय हे कळेपर्यंत.
उठते. दार सताड उघडून येते.
वाळू येते तर येऊ दे.

बारशाला दोन पायल्या काढ, सासू म्हणते.
अजून नाही.
मामान म्हणतो, गोळीच बरी होती, स्वस्त.
ती त्याच्याकडे बघतसुद्धा नाही.

बाजरी संपली, नवी अजून हातभर,
तेव्हा ती गाठी सोडते: तिसरी, दुसरी, पहिली.
दाणे पांढरे, डोळा काळा, भोक एकालाही नाही
(आहेत, सात-आठ. ते ती कोंबड्यांना टाकते).

साहुरा येते, तिची नणंद येते.
काय घातलंस गं यात?
काही नाही.
त्यांचा विश्वास बसत नाही.
मूठभर चवळी घेतात, नाकाशी नेतात,
आणि हुंगत राहतात.