मले

पहिल्याच आठवड्यात काढून टाकलं मी ते अक्षर,
दातात अडकलेलं मिरचीचं बी काढावं तसं,
नखानं,
कोणी पाहत नाही ना हे बघून.
'मले'चं 'मला' केलं.
'कायले'चं 'कशाला'.
'करून राह्यली' मात्र लवकर जाईना,
सगळ्या कोंबड्या खुराड्यात शिरल्यावरही
एखादी अंगणात फिरतेच, तसं.

धरमपेठेतल्या खोलीत आम्ही चौघी.
ऋता हसली की शाल्मली हसायची,
मग गौतमी, मग मी.
लॉ कॉलेज चौकात सेहेचाळीस अंशांत
चौघींचे चेहरे पांढऱ्या स्कार्फमध्ये,
उघडे फक्त डोळे.
एकदा सिग्नलला शेजारीच मामा उभा,
भिवापूरहून आलेला, हँडलला पिशवी.
त्यानं ओळखलं नाही.
मला बरं वाटलं.
(बघा, अजूनही 'मला'च.)
वाईट वाटलं ते पुढं, गोकुळपेठेच्या वळणावर.

बाबांचा फोन आला की मी गच्चीवर, टाकीच्या मागं.
"जेवली का वं?"
"जेवली ना बाबा. तुमी?"
हळू, चोरीचा माल उतरवावा तसं.

मग एप्रिलच्या बॅचला यामिनी चाफले आली, काटोलची.
सर प्रमेय खोडत होते,
ही उभी राहिली आणि खणखणीत बोलली,
"मले नाही समजलं, सर. पुन्हा सांगा ना."
वर्गानं आधी श्वास घेतला.
मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "मलेशिया!"
झालं. तेच नाव पडलं.

मीही हसले.
किती हसायचं तेही ठाऊक होतं,
ऋतापेक्षा कमी, गौतमीइतकं.
खरं सांगू, ते प्रमेय
मलाही समजलं नव्हतं.

मे संपता संपता, सकाळी, पोह्यांच्या गाडीवर
स्कार्फ गळ्यात ओढून बशी पुढं केली,
आणि त्या लाल तर्रीचा वास असा आला
की आमचं अख्खं अंगण, वाळत घातलेल्या मिरच्यांसकट,
नाकात शिरलं.
"मले अजून तर्री दे गा, भाऊ."

गाडीवाल्यानं वर पाहिलंसुद्धा नाही. ओतली.
ऋताचा चमचा हवेत.
"काय म्हणालीस?"
"मले म्हटलं."
जीभ पोळली होती. तर्रीनंच असेल.

दुसऱ्या दिवशी यामिनीच्या बाकावर जाऊन बसले.
तिनं दप्तर सरकवलं,
मी मावेन एवढंच, बोटभरही जास्त नाही.
तासभर काही नाही.
मग फळ्याकडे बघतच ती म्हणाली,
"मला जरा पेन देतेस?"

किती स्वच्छ होतं ते 'मला'.
कुठं सालपट नाही, कुठं बी नाही.
नखाची खूण तेवढी होती,
ती मी ओळखली.

"घे ना वं," म्हटलं मी.
तिनं पेन घेतलं.
टोपण माझ्याच हातात राहिलं.