उघाडी

सकाळी आठला पदूबाई केणी आडवी झाली
परळच्या आमच्या खाटेवर. बारापर्यंत उठायचं नाही.
डाव्या हातात सुई, वर सलाइन,
दोन लिटर, चार तासांत.
तिनं बाटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे :
"डागदरनी मीठ बंद केलाय,
नी तुमी मिठाचंच पानी चरवताव?"

अकरा वर्षं रक्त काढतोय मी.
इतकं सरळ कोणी विचारलं नव्हतं.

तीन गोळ्या चालू, तरी दाब एकशे नव्वदवर.
रात्री पोटऱ्यांत गोळे, पोटॅशियम तळाला.
म्हणून ही तपासणी, म्हटलं,
आणि सांगत गेलो, मला येतं तेवढं :
दाब उतरला की आधी मूत्रपिंडाला कळतं.
ते कात्री धाडतं, तिचं नाव रेनिन.
यकृतानं सोडलेली एक लांब माळ
रक्तात उगीच हिंडत असते,
कात्री तिच्या टोकाचे दहा मणी तोडते.
फुप्फुसातून जाताना त्यातले दोन गळतात.
उरले आठ.
एवढासा जीव, मिनिटभरही धड टिकत नाही,
पण तेवढ्यात रक्तवाहिन्यांची मूठ आवळतो,
तहान लावतो,
आणि मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारखी बसलेली
ती ग्रंथी आहे ना, तिची कडी वाजवतो.
मीठ धर, म्हणतो.
मग ती ग्रंथी आपला रस सोडते,
लघवीच्या वाटेला लागलेलं मीठ मागे वळतं,
मिठामागून पाणी,
आणि पोटॅशियम बिचारं दाराबाहेर.

"म्हंजे उघाडी," ती म्हणाली.

तिचा बाप भांडुपच्या मिठागरात
उघाडीवर होता.
उधाणाला फळ्या उचलायच्या,
खाडी आत घ्यायची,
कोंड्या भरल्या की फळ्या खाली.
चंद्र बघून उठायचा, घड्याळ नव्हतं घरात.

होय, म्हटलं, उघाडीच.
फक्त तुमच्यात सांगावा येत नाही,
रेनिन जवळजवळ नाहीच, ते आठ मणीही नावाला,
तरी आतला राखणदार फळ्या टाकून बसलाय
असा आम्हाला संशय आहे.
आज मुद्दाम मीठ ओततोय.
शहाणा असेल तर हात सैल सोडेल.
नसेल तर नळीत दिसेल.

ती बराच वेळ छताकडे बघत राहिली.
पंख्याला जाळं होतं, मला आजच दिसलं.

मग म्हणाली, ठेकेदारानं आगर सोडलं
त्या साली मीठ पिकलंच नाही,
कोंड्यांत शेवाळ, बांधावर तिवरं,
मजूर सगळे दुसरीकडे.
तरी बाप अमावास्येला रात्री उठायचा,
कंदील घेऊन जायचा,
फळ्या उचलायचा, टाकायचा,
पहाटे चिखलाच्या पायांनी येऊन निजायचा.
आई बोलायची, कोनी बोलावलाय तुला?
तो काही बोलायचा नाही.
सहा-सात वर्षं.

सलाइन टपकत होतं. साडेदहा.
शेजारच्या खाटेवरचा मुलगा झोपेत
दात खात होता.

"काढून टाकनार का त्याला?" तिनं विचारलं.
एकाच बाजूला दोष असेल तर काढतात, म्हटलं,
नाहीतर गोळी आहे, जन्मभराची.
दोन्ही बाजूंना असलं तर?
तर गोळीच.
"गोली बरी," ती म्हणाली.

बारा वाजून चार मिनिटांनी रक्त घेतलं.
नळीवर नाव, वेळ, क्रमांक.
नळी माझ्या हातात थोडा वेळ कोमट होती.
आत मोजायचं ते डोळ्यांना दिसत नाही,
लाल तेवढं दिसतं.

कापूस दाबून धरत ती उठून बसली.
पिशवीत दोन केळी होती,
डॉक्टरांनीच सांगितलेली, पोटॅशियमसाठी.
एक तिनं मला दिलं.
मी म्हटलं, ही तुमची आहेत, औषधाची.
"तुमी पन सकालपासून उभेच," ती म्हणाली,
आणि साल कुठं टाकायची
ते शोधत राहिली.